परबबाई आणि साडेतीनची थरथर

परबबाई माउस वापरत नसत. कामावर आल्या की तो ड्रॉवरमध्ये टाकत आणि काळ्या पडद्यावर कंपायलरची, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम तपासून यंत्राला कळेल असा करणाऱ्या सॉफ्टवेअरची, कमांड पहिल्या अक्षरापासून टाइप करत, दिवसातली पन्नासावी वेळ असली तरी. एंटर दाबला की हात मांडीवर घेऊन म्हणत, "बोल रे बाबा, आयकतंय मी." कंपायलरने चुकीच्या ओळीचा नंबर दाखवला की त्यांचा चेहरा खुले. तो काहीच बोलला नाही, की त्या अस्वस्थ होत.

लालबागच्या एका बंद गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आमचं ऑफिस होतं. त्याच टॉवरचे पंप, लिफ्ट आणि भोंगा चालवणारा प्रोग्रॅम आम्ही दोघं लिहीत होतो. भाषा रिअ‍ॅक्टिव्ह. माझ्या डोक्यात ती शिरेना, तेव्हा बाईंनीच समजावलं. "यात हुकूम सोडायचे नाहीत रे, नाती लिहायची. पाणी वाढलं की पंप चालू. भिंत हद्दीबाहेर थरथरली की भोंगा. एकदा लिहिलंस की कुणी सांगायला जावं लागत नाही."

त्यांचे वडील याच गिरणीत विणकर होते. संपानंतर त्यांना परत घेतलं नाही. तरी कित्येक वर्षं ते दुपारी डबा घेऊन निघत आणि बंद गेटसमोर उभे राहून येत. बाईंनी हे मला एकदाच सांगितलं, तेही चहाचा कप विसळताना.

तळघराच्या भिंतीतला सेन्सर जोडला आणि तो प्रकार सुरू झाला. रोज दुपारी साडेतीनला थरथरीचा आकडा चढायचा आणि भोंग्याच्या हद्दीच्या जरा खाली थांबायचा. रविवारी मात्र नाही. सेन्सर बदलला, तरी तेच. बाईंनी कंपायलरचे सगळे इशारे चालू ठेवून प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला. एकही चूक नाही.

"लिहिण्यात खोट नाही," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे खाली कायतरी आसा."

आम्ही तिसऱ्या तळघरात उतरलो. पांढरे दिवे, चार गाड्या, पंपही बंद. साडेतीन झाले. कानाला काही ऐकू आलं नाही, पण माझ्या तळपायांना जाणवलं, एका लयीत, खटखट, खटखट. बाईंनी भिंतीला तळहात लावला होता.

"माग चालू झाले," त्या म्हणाल्या. "दुपारची पाळी."

मी लिफ्टकडे धावलो. त्या सावकाश मागून आल्या.

आमच्या साहेबांना हे ऐकायचं नव्हतं. "एखाद्या दिवशी उगाच भोंगा वाजेल. साडेतीन ते चार आकडा धरू नका, एक ओळ टाका." बाईंनी साफ नकार दिला. "वेळ बघून खरं-खोटं ठरवणारी ओळ मी लिहिणार नाही." मग साहेबांनी मला सांगितलं, आणि मी लिहिली. कंपायलरने हूं की चूं केलं नाही.

सकाळी बाईंनी ती पाहिली. "तो तुझी भाषा तपासतो रे, नियत नाही," एवढंच म्हणाल्या आणि ओळ काढून टाकली. साहेबांनी त्याच दिवशी त्यांच्याकडून ऑफिसचा पास काढून घेतला. ती ओळ पुन्हा घालायला साहेबांनी मलाच सांगितलं. मी हो म्हणालो. घातली मात्र नाही.

आठवड्याने, साडेतीनला, आकडा पूर्वी कधी नव्हता इतका चढला आणि भोंगा वाजला. वॉचमन आणि तीन ड्रायव्हर जिन्याने वर पळाले. ते वर पोचतात तोच तळघराची भिंत फुटली. पाठीमागे गिरणीची बुजवलेली विहीर निघाली. इंजिनियर म्हणाले, भरतीच्या पाण्याचा दाब. पण भरतीची वेळ रोज पुढे सरकते. साडेतीन कधी सरकले नव्हते.

संध्याकाळी मी बाईंच्या चाळीत गेलो. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "सगळे वर इले मा?"

"सगळे. सेन्सर शाबूत आहे, पण त्याची रेघ आता अगदी सरळ आहे. थरथर थांबली."

त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्या खिडकीपाशी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"संपाच्या पहिल्या दिवशी अशीच शांतता झाली होती," त्या म्हणाल्या. "बाबा म्हणाले, कान दुखतात."

आणि त्यांनी दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून धरले.