खडूची रेघ

धोंडू फिटरला रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी बुऱ्हाणपुरात गल्लीतला पंखा खडखडला की बोलावणं त्यालाच येतं. जाताना तो कुरकुर करतो आणि मनातून सुखावतो. छत्तीस वर्षं त्यानं कागद कारखान्यात ओला कागद सुकवणारे वाफेचे सिलिंडर सांभाळले. त्या वाफेचा वास आठवला की अजून त्याला घर सुनं वाटतं.

त्या सकाळी मुलगी भारती लॅपटॉपपुढे डोकं धरून बसली होती. ती घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते. असाच एक चाळीस वर्षं जुना सिलिंडर चालू ठेवायचा की भंगारात काढायचा, हे तिला संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. कॉम्प्युटरच्या गणितात वाफ सोडली की पडद्यावर त्याची दोन्ही टोकं लालभडक दिसत होती, म्हणजे तिथं ताण झेपत नव्हता.

"फुटतोय हा, बाबा. भंगारच लिहावं लागेल."

"चाळीस वर्षं चालला, मग आजच कसा फुटी रायला?" धोंडू चवताळला. "बेअरिंग कुठंय याचं?"

"बेअरिंग चित्रात दाखवतच नाही. त्याच्या जागी हवेत एक बिंदू ठेवायचा, शाफ्टचं टोक त्याला बांधायचं, आणि बिंदूला सांगायचं, कुठं सरक, कुठं सरकू नको. रिमोट डिस्प्लेसमेंट म्हणतात."

"मग तू काय सांगितलं?"

"फिरू दे, पण सरकायचं नाही. दोन्हीकडं लॉक."

नोकरीच्या पहिल्या वर्षी हीच चूक धोंडूनं केली होती. समोरचं बेअरिंग सरकतं म्हणून शहाणपणानं पाचर ठोकून घट्ट बसवलं, आणि वाफ सोडल्यावर ते तडकलं. उस्ताद कडूमामांनी शिवी दिली नाही. नवं बेअरिंग बसवून त्यांनी त्याच्या पेटीला लागून शाफ्टवर खडूची रेघ ओढली, वाफ सोडली आणि धोंडूला तिथं तासभर बसवलं. रेघ सरकली. पुढं कारखान्याच्या प्रत्येक सुट्टीनंतर धोंडूनं आधी रेघ ओढली, मग वाफ सोडली.

"एक बाजू पकड, बेटा. दुसरीला लांबीत सरकू दे. गरम झाला की तो वाढतो, जगह तो चाहिये ना? गव्हाच्या दाण्याएवढी."

भारतीनं एका बिंदूची ती एक दिशा मोकळी केली. गणित पुन्हा चाललं आणि टोकांचा लाल रंग उतरला. सिलिंडर साडेतीन मिलिमीटर सरकला होता.

तिनं 'चालू ठेवावा' असं लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली: वाफ सोडण्यापूर्वी बेअरिंगशी खडूची रेघ ओढावी आणि ती सरकते का पाहावं.

धोंडूनं ती ओळ दोनदा वाचून घेतली. कडूमामा आज हवे होते, असं त्याला फार वाटलं.

"रेघ ओढणारा नसला कोणी तिकडं," तो दाराकडं तोंड फिरवून म्हणाला, "तर सांग त्यांना. मी जातो."