धरणग्रस्तांचा वाटा

हौसराव मुकादमांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. साडेपाचला ते शिरूरच्या मार्केट यार्डात कांद्याचं पोतं पाठीवर घेत. हमालांच्या टोळीची मजुरी मुकादमासकट सगळ्यांत सारखी वाटली जायची, म्हणून माणूस वाढला की प्रत्येकाच्या हातात कमी पडायचं.

शहाण्णव साली आमच्याकडं धरणग्रस्तांची वसाहत झाली. तिथले नऊ जण काम मागायला यार्डात आले. दोन टोळ्यांनी त्यांना हौसरावांकडं धाडलं. हौसरावांनी तिघांना घेतलं. उरलेले सहा जण माघारी निघाले, तेव्हा त्यांना थांबवून हौसराव त्या दोन टोळ्यांपैकी एकीच्या नवनाथ मुकादमाकडं गेले.

"आप्पा, दया तुम्हाला लई. तुम्हीच पाळा समदी," नवनाथ हसला.

"दया कसली? त्यांची गावं बुडाली तवा तुझ्या उसाला पाणी आलं. मी तीन घेतली, तू तीन घे."

सगळे हमाल ऐकत होते. नवनाथनं तिघांना घेतलं. उरलेल्या तिघांना मग तिसऱ्या टोळीला नाही म्हणता आलं नाही.

हौसरावांचा वाटा कायमचा घटला. त्यांना स्लॅबचं घर बांधायचं होतं. अकरा वर्षांच्या मजुरीतून भिंती झाल्या, वर पत्रे आले.