पाण्याखालच्या पोरीचा पुढचा भाग

माझी शाळा दुसरीत सुटली, पण चित्रं मला कळतात. शहापूरला कॉलेजात जाणारी माझी नात जपानी भुतांची चित्रपुस्तकं आणते आणि मला वाचून दाखवते. त्यातल्या एका मालिकेत धरणात बुडालेलं गाव होतं आणि तिथं एक लहान पोर भूत होऊन राहायची. ती पाण्यातून वर यायला लागली आणि तिथंच तो भाग संपला.

आमचं जुनं गाव भातसा धरणाच्या पाण्याखाली आहे. आमच्यात लहान लेकराला जाळत नाय, पुरतात. माझी तीन वर्षांची लेक तिथं शेताच्या बांधाशी पुरलेली आहे. गाव उठलं तेव्हा आमी देव उचलून आणले, पण तिला कसं आणणार?

म्हणून पुढच्या भागाची मी दोन वर्षं वाट पाहिली. गेल्या महिन्यात तो आला. त्यात नुसत्या तलवारी आणि मारामाऱ्या. ती पोर एकाही पानावर नव्हती.

मी नातीला म्हटलं, "त्या चित्रं काढणाऱ्याला पत्र लिही."

"आजोबा, तो जपानात असतो. आणि गोष्ट आहे ती नुसती."

"मला नको शिकवू. पोर बाहेर आली का नाय, एवढंच विचार."

"एवढं काय आहे हो तिच्यात?"

लेकीचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं; मी कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं पत्र धाडलं, उत्तर आलं नाय. बायको कधीच गेली. माझ्यानंतर त्या पाण्याकडे बघणारं कोणी उरणार नाय.