घोडपदेवात हीटर कुणाला लागतो?

"हात लावून बघितलंस काय, बाय?"

अंकलचं पहिलं वाक्य हेच असायचं. इस्त्री बिघडो, फ्रिज गार व्हायचा थांबो, नाहीतर कुणाच्या पोराला ताप येवो. पालथा हात तिथे न्यायचा, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा. निकाल बहुतेक वेळा बरोबर निघायचा. मला त्याचाच राग यायचा.

अंकल आमच्या घोडपदेवच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहत. मूळ मुंबईचे, ईस्ट इंडियन ख्रिश्चन. अख्खा जन्म चिंचपोकळीच्या एका गॅरेजात गेलेला. सगळी बिल्डिंग त्यांना अंकल म्हणायची. त्यांच्याच वयाचे माझे बाबासुद्धा. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून अंकलसाठी ते मास्तर.

मी याद्या करणारी बाई. आई गेल्यापासून बाबांच्या गोळ्या, जेवण, फिरायची वेळ, सगळं फ्रिजवरच्या कागदावर लिहिलेलं असतं. बाबांना कशाचीच काळजी करावी लागत नाही. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की विचारायची, "दिवस कसा गेला?" उत्तर यायचं, "बरा." संपलं. आणि हाच माणूस खालच्या बाकड्यावर अंकलशी दोन-दोन तास बोलायचा, हसायचा! मी जिन्यात थांबून ऐकलं आहे, लपवत नाही. बाबांचा गुडघा दुखतो हे मला जिन्यात कळलं. इंदूरच्या आत्याला डोळ्यांनी एकदा बघायचंय, हेही तिथेच. तुमच्या घरातलं माणूस कधी शेजाऱ्यापाशी असं मोकळं झालं असेल, तर मला काय होत होतं ते तुम्हाला सांगायला नको.

इंदूरचं कळलं त्याच दिवशी मी तयारीला लागले. आत्या पंच्याऐंशीच्या पुढची, थांबण्यात अर्थ नव्हता. गुडघ्यामुळे गाडीनेच जायचं, बाबांच्या जुन्या गाडीने, आणि चालवणार मी. महिना जानेवारी. डॉक्टरांनी बजावलं, छातीला गारठा लागता कामा नये. धुळ्याच्या पुढे पहाटे चांगलंच गार असतं, म्हणून हीटर लावून पाहिला, तर आतून नुसता थंड वारा. मोठ्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, डॅशबोर्ड उघडावा लागेल, आठ दिवस गाडी ठेवा. मी घरी येऊन बाबांना सरळ सांगितलं, "हीटर नाही तर इंदूर नाही." ते खिडकीकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी रविवार. खाली उतरले तर बॉनेट उघडं आणि दोन म्हातारे आत वाकलेले.

"अंकल, मी यादी केलीय," मी म्हणाले. फोनवर वाचून अकरा शक्यता लिहून आणल्या होत्या.

"वाच ना. आम्ही ऐकतो." मग बाबांकडे वळून, "घोडपदेवात हीटर कुणाला लागतो, मास्तर? इथे माणूसच शिजतो."

बाबा खळखळून हसले. माझ्या कुठल्या बोलण्यावर ते असे हसले होते, मला आठवेना.

इंजिन थंड असतानाच अंकलनी रेडिएटरमधलं पाणी पाहून घेतलं होतं. ते भरपूर होतं. आता गाडी चालू करून इंजिन तापू दिलं. हीटरकडे दोन पाइप जातात, एकातून गरम पाणी आत जातं, दुसऱ्यातून परत येतं. अंकलनी स्वतः हात लावला नाही. बाबांचं मनगट धरून पुढे नेलं. "जपून. जवळ न्या फक्त. काय वाटतं?"

"हा तापलाय. हा गारच."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी मध्येच अडलंय," बाबा म्हणाले. वर्गात पहिला आलेल्या मुलासारखा चेहरा.

अडलं होतं पाइपावरच्या एका छोट्या नळापाशी. त्याची दांडी तांब्याच्या तारेने बंद करून बांधलेली. अंकलनी निरखून पाहिलं. "हे मेकॅनिकचं काम नाय. मेकॅनिक एवढी सुबक गाठ मारत नाय."

बाबांनी वाकून गाठ बघितली. मग म्हणाले, "मीच बांधलीय. हिचा हात लागून हीटरचा खटका सरकायचा, गरम हवा यायची आणि ही माझ्यावर ओरडायची, मुद्दाम करता म्हणून. विसरूनच गेलो होतो."

ही म्हणजे माझी आई. मी दोन फुटांवर उभी होते. ते सांगत होते अंकलना.

इंजिन बंद करून निवू दिलं. मग अंकलनी पक्कड बाबांच्या हातात दिली. बाबांची बोटं थरथरतात. मी पुढे झाले. "द्या, मी दोन मिनिटांत सोडवते."

"तू गप ऱ्हा, बाय," अंकल म्हणाले. "त्यांनी बांधलीय, ते सोडतील."

अर्धा तास लागला. गाडी पुन्हा तापवल्यावर आत गरम हवा आली, तेव्हा बाबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "अंकलनाही घेऊन जाऊ या. वाटेत काही झालं तर सोबत बरी."

"इंदूर बघितलं नाय मी," अंकल म्हणाले. पोरासारखे खूश झाले होते.

"मागे सामान असणार," मी म्हणाले. "जागा नाही."

"बरोबर, बरोबर. मी कशाला मध्ये?" म्हणत ते पक्कड पुसत घरात गेले.

सामान म्हणजे दोन बॅगा आणि एक उशी. निघायच्या दिवशी डिकी रिकामीच होती. मी त्या बॅगा मुद्दाम मागच्या सीटवर ठेवल्या.

आत्या भेटली. दोघं भावंडं हात धरून बसली, सगळं यादीप्रमाणे झालं. त्याच वर्षी गणपतीच्या आधी अंकल गेले. खालचं बाकडं आता रिकामंच असतं. बाबा संध्याकाळी घरातच बसतात, माझ्याजवळ. हेच तर मला हवं होतं.

पण मला आठवते ती इंदूरला जातानाची पहाट. धुळं मागे पडलं होतं, शेतांवर धुकं होतं, गाडीत छान ऊब होती. बाबांचा चेहरा एकदम उजळला. ते वळले आणि मागच्या सीटकडे बघून म्हणाले, "अंकल, तुम्हाला सांगतो..."

मागे बॅगा होत्या.

"काय, बाबा? मला सांगा ना."

"काही नाही," ते म्हणाले. "तू समोर बघ."