शेळीने प्यायलेलं सरोवर

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये, भर दुष्काळात, आमच्या शाळेतलं सरोवर एका मिनिटात आटलं. ते शिपायाने ओतून टाकलं नव्हतं. हे मला त्याच दिवशी सांगता आलं असतं.

मी भूगोल शिकवायचो. तपासणीला येणाऱ्या साहेबांपुढे हिमयुगातल्या सरोवरांचा धडा घ्यायचं मी ठरवलं. सोलापूरच्या मुलांनी बर्फ पाहिलेला तो रसवंतीत. म्हणून प्रत्यक्षच दाखवू म्हटलं. परात शिपायाने घरून आणली. तो हंगामी होता, तपासणीनंतर त्याला कायम करायचं चाललं होतं, त्यामुळे राबतही हौसेने होता. वर्गात ठेवून तिच्यात दगडमातीचा बांध घातला आणि बांधामागे बर्फाच्या कारखान्यातून सायकलवर आणलेली लादी ठेवली. हिमनदी दगडमाती ढकलत आणते, पुढे बर्फ वितळतो आणि त्या बांधाआड पाणी साचतं. पृथ्वीला याला हजारो वर्षं लागली. आमच्या उकाड्यात दोन तासांत काम झालं.

सरोवर इतकं सुरेख साचलं की मी शिक्षकांना बोलवायला धावलो. शाळेमागे मेंढपाळ उतरलेत, वर्गाचं दार लावत जा, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. मी उघडंच टाकलं.

परतलो तर परातीत तोंड घालून एक शेळी शेवटचा घोट घेत होती. माझा धडा इतक्या तन्मयतेने आजवर कुणी घेतला नव्हता. तिला हाकललं, दोन लेंड्या खिडकीबाहेर टाकल्या, तोच साहेबांना घेऊन मुख्याध्यापक आत आले.

"पाणी कुठंय?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"शिपायाने ओतलं वाटतं."

शिपाई दारातच उभा होता. "मी कशाला वतू, सर? दुष्काळात पानी कुनी सांडतंय व्हय?"

साहेब हसले. "सरोवर आटतं कसं, ते मात्र छान दाखवलंत!"

मुख्याध्यापक हसले नाहीत. शिपायाला कायम करण्याचं त्यांनी वर्षभर लांबवलं. त्या वर्षात मी रोज त्याच्या हातचा चहा प्यायलो आणि रोज उद्या सांगू म्हणालो.

पुढच्या वर्षी तो कायम झाला. पेढे घेऊन आधी माझ्याकडेच आला. "घ्या, सर. तुमीच मोठ्या सरांकडं शब्द टाकला असनार, मला ठाव हाय की."

मी नाही म्हणालो नाही. पेढा खाल्ला. त्याने दुसरा पुढे केला, तोही घेतला.