खजुरांच्या गावात पथ्य

सौदीतल्या दम्मामच्या विमानतळाबाहेर आले, तर उन्हाच्या झळेपाठोपाठ लेकीचा प्रश्न आला, "आई, बॅगेत काय आणलंयस?"

मुग्धा तिथून जवळच, कतीफच्या एका दवाखान्यात डॉक्टर आहे. बॅगेतले रव्याचे लाडू तिने पार्किंगमधल्या सफाई कामगारांना वाटून टाकले. "आजपासून भात, पोळी, साखर, फळं बंद. हा पहिला टप्पा कडकच असतो. वजन उतरल्याशिवाय सर्जन तुझ्या गुडघ्याला हात लावणार नाहीत."

कतीफच्या वाटेवर दुतर्फा खजुराच्या बागा. पिवळेधमक घड पार हाताशी आलेले.

"बघायला मनाई नाही," मुग्धा म्हणाली.

मासळीबाजारात ताजी रुबियान (कोळंबी) पाहून रत्नागिरीची आठवण झाली, पण भाताशिवाय कोळंबीचं कालवण घशाखाली उतरेना. सकाळी अंडी, दुपारी मासे, संध्याकाळी उरलेले मासे आणि पुन्हा अंडी. डोकं ठणकू लागलं. दुपारच्या झोपेत मी वरणभात कालवत होते म्हणे. मुग्धाने माझा हात हलताना पाहिला.

अशातच शुक्रवारी तिच्या एका पेशंटबाईंनी जेवायला बोलावलं. उम्म हसन, म्हणजे हसनची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. बायकांच्या खोलीत आम्ही तिघीच. समोर माशाचा मसालेभात आणि ताटभर रुतब (नुकता पिकलेला मऊ खजूर). उम्म हसन माझ्याकडे भात सरकवी, मी तो हळूच तिच्याकडे. ती पुन्हा माझ्याकडे.

एवढ्यात मुग्धाला दवाखान्यातून फोन आला. ती अंगणात गेली.

दार लागताच उम्म हसनने माझं मनगट धरलं, दाराकडे बोट केलं आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवून कुजबुजली, "दक्तोरा... ममनू (मनाई)!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मीही पोटावर हात ठेवला. "ममनू!"

डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग तिने दोन खजूर उचलले. "यल्ला (चल)!"

खजूर जिभेवर विरघळला आणि पावलं वाजली. बिया टाकणार कुठे? दोघींनी गालात धरल्या.

"काय गप्पा झाल्या?"

"हं," मी म्हणाले.

"हं," उम्म हसन म्हणाली.

"आई, गाल का सुजलाय? दाढ दुखतेय?" मी मान हलवली. मुग्धाने उम्म हसनकडे पाहिलं. "यांचीही?" तिने मोबाइलचा टॉर्च लावला. "आ कर बघू."

उम्म हसनने घरच्या यजमानिणीला शोभेल अशा धीराने बी गिळली. मला मात्र हसू फुटलं, आणि माझी बी उडून थेट मुग्धाच्या भातात पडली.

मग मुग्धाने एकच वाक्य आधी अरबीत, मग मराठीत सांगितलं, "दोघींचा पहिला टप्पा उद्यापासून पुन्हा."

उम्म हसनने खाली मान घालून खजुरांचं अख्खं ताट तिच्यापुढे सरकवलं. मुग्धाने एकेक खजूर चवीने खाल्ला. आम्ही दोघी बघत बसलो.

घरी परतले तेव्हा कपडे सैल झाले होते. सर्जननी ऑपरेशनला होकार दिला. इथे सगळे विचारतात, सौदीत काय पाहिलंस? बागा, समुद्र, बाजार, मी सांगत जाते. पण खरी ओळख त्या एका बाईशी झाली, तीही जेमतेम दोन शब्दांवर.

परवा तिचा फोन आला. "खलास (संपलं)?"

"नाही हो बाई. आता पथ्याचा दुसरा टप्पा."

तिला मराठी येत नाही. तरी पलीकडून तिने सोडलेला उसासा अगदी वेळेवर आला.