नुसतं शेजारी बसायचं

वेतवालीकडे दुरुस्तीला टाकलेली खुर्ची आणि शेजाऱ्याला दिलेली छत्री, दोन्हींची वाट पाहू नये, असं त्या गल्लीत म्हणत. बोलणारे तिच्या वाईटावर नव्हते. तिच्या हातची वीण पाहिली की तेच लोक गप्प होत. वेताच्या पट्ट्या ती अशा ओढून बसवायची की खुर्ची लाकडासकट जुनी होई, पण बैठक सैल पडत नसे. भानगड एवढीच, की तिच्या दुकानात सुरू झालेल्या खुर्च्या ढीगभर आणि संपलेल्या बोटांवर मोजण्याइतक्या. एक ना धड, भाराभर चिंध्या.

वेत विणायच्या आधी पाण्यात भिजवावा लागतो. कमी भिजला तर तुटतो, फार भिजला तर काळा पडतो आणि वास मारतो. वेतवाली टबात पट्ट्या टाकायची, आणि त्या मऊ होईतो समोरच्या खुर्चीचा पाय घासावा म्हणून उठायची. पाय घासताना कळायचं की पॉलिशपेपर संपलाय. तो आणायला बाहेर पडली की वाटेत कुणाच्या तरी खिडकीचा पडदा लोंबताना दिसायचा, आणि ही त्यांच्या घरात शिडीवर. दुसऱ्या दिवशी दुकानात वास सुटला की टब आठवायचा. मग स्वतःला शिव्या, वेत उकिरड्यावर, आणि नवा वेत पाण्यात. कात्री तर ती रोज शोधायची आणि ती रोज तिच्याच गळ्यात दोरीला लटकलेली असायची. काखेत कळसा म्हणतात ते हेच.

तिचं लग्न झालं होतं, टिकलं नाही. नवरा भला माणूस होता, पण रोज जळक्या दुधाचा वास घेतला की भलेपणही आटतं. त्याचं तिला फार दुःख नव्हतं. तिला दुःख होतं ते आईचं.

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला ताईकडे राहायची. ताई म्हणजे वेतवालीची थोरली बहीण, शाळेची मुख्याध्यापिका. तिच्या घरातसुद्धा घंटा झाल्यासारखी कामं व्हायची. पूर्वी आई अधूनमधून धाकटीकडे राहायला येई. मग तो दिवस आला. आईच्या डोळ्यांत घालायचे थेंब आणायला म्हणून वेतवाली बाहेर पडली, सवयीने दाराला बाहेरून कुलूप लावलं, वाटेत एक गिऱ्हाईक भेटलं, त्याच्याकडची झुलती खुर्ची बघायला त्याच्या घरी गेली, आणि त्या खुर्चीत असं काही मन रमलं की दिवेलागण होऊन गेली. आई आत अंधारात दार बडवत होती. शेजारच्या टायपिस्टबाईंनी ते ऐकलं आणि ताईला फोन केला. ताईने आईची पिशवी भरली आणि दारात उभं राहून एकच वाक्य बोलली.

"आईला भेटायला येत जा. न्यायला येऊ नकोस."

त्यानंतर वेतवाली भेटायला जायची. सोफ्यावर आईशेजारी बसायची, ताई आणून देईल तो चहा प्यायची आणि परत यायची. पण ज्या आईच्या कुशीत आपण वाढलो तिच्याकडे पाहुणी म्हणून जायचं, निघताना चपला घालायच्या, ते तिच्या जिवाला फार लागायचं. आईने आपल्या घरी यावं, आपल्या पलंगावर झोपावं, सकाळी उठून आपल्या पसाऱ्याला नावं ठेवावीत, एवढंच तिला हवं होतं. दुकानात काम करता करता तिचं लक्ष मधेच दाराकडे जाई. आई तर तिकडे, शहराच्या पलीकडे. दारात कोण येणार?

त्या घटनेनंतर ती डॉक्टरांकडे गेली. पहिल्याने सांगितलं, झोप पुरेशी घ्या. दुसऱ्याने सांगितलं, डायरी ठेवा. तिने चांगली जाड डायरी घेतली आणि ती डॉक्टरच्याच दवाखान्यात विसरून आली. तिसरी डॉक्टरीण वयाने लहान होती. तिने वेगळंच विचारलं. कामं का राहतात ते नंतर बघू, म्हणाली, तुमचं काम कधी पूर्ण होतं ते सांगा.

हा प्रश्न वेतवालीला जन्मात कुणी विचारला नव्हता. तिने खूप आठवलं. मग तिला टायपिस्टबाई आठवल्या. एकदा बाईंची किल्ली हरवली म्हणून त्या मुलगा येईपर्यंत दुकानात बसल्या होत्या. बोलल्या काही नाहीत, शब्दकोडं सोडवत बसल्या. त्या दिवशी एक आख्खी खुर्ची झाली होती.

डॉक्टरणीने मान हलवली. याला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार म्हणतात, तो लहान मुलांनाच असतो असं नाही, आणि यात आळस, बेफिकिरी काही नसते, असं तिने नीट समजावून सांगितलं. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी डोक्यातला बाजार थोडा उठला, हे खरं. पण बाजार उठला म्हणून घरचा रस्ता आपोआप सापडत नाही. त्यासाठी डॉक्टरणीने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, अशाच लोकांचा एक गट आठवड्यातून एकदा भेटतो, तिथे जा. आणि दुसरी, काम करताना कुणीतरी शेजारी बसवा. मदत नको, देखरेख नको. नुसतं बसायचं.

गटाची वेळ पाचची होती. वेतवाली धावतपळत साडेपाचला पोचली आणि ओशाळली, तर आत गट चालवणाऱ्या बाई एकट्याच होत्या. बाकीचे तिच्या मागून आले. त्या दिवशी ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. कुणी विचारलं नाही काय झालं म्हणून. तिथे सगळ्यांना माहीत होतं.

टायपिस्टबाई रोज दुपारी शब्दकोडं घेऊन दुकानात येऊ लागल्या. घरी भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा इथे बरं, असं त्यांचं म्हणणं. आणि टबाचा तोडगा वेतवालीने स्वतःच काढला. वेत पाण्यात टाकला की त्यातलीच एक ओली पट्टी मनगटाला गुंडाळायची आणि टब रिकामा होईपर्यंत सोडायची नाही. वेत वाळताना आवळतो. शिडीवर चढलेली असो की रस्त्यात गप्पा मारत असो, मनगटाला काचायला लागलं की तिची पावलं दुकानाकडे वळायची. कधी कधी पट्टी काचत असूनही ती विसरायची, मग रात्रभर मनगट लाल. पण उकिरड्यावर जाणारा वेत कमी झाला आणि खुर्च्या घरोघर परत जायला लागल्या. गल्लीने तिच्याबद्दलच्या म्हणी मात्र बदलल्या नाहीत. गल्लीचं तसंच असतं.

अशातच आईकडून कळलं की ताईला शाळेच्या कामासाठी आठवडाभर परगावी जायचंय, आणि आईजवळ राहायला तिने पगारी बाई ठरवली आहे. धाकटीला विचारायचं ताईच्या मनातही आलं नव्हतं. वेतवाली त्याच संध्याकाळी ताईकडे गेली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. तिने सरळ सांगितलं, आठवडाभर आईला माझ्याकडे दे. डॉक्टरीण, आजाराचं नाव, गोळ्या, सगळं सांगितलं.

ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझ्या विसरण्याला नाव मिळालं म्हणून आई त्या दिवशी कोंडली गेली नव्हती, असं होतं का?"

"नाही होत," वेतवाली म्हणाली. "आणि मी सुधारले असंही म्हणत नाही. मी विसरणारच, ताई. पण मी विसरले तरी आईला काही होऊ नये, एवढं मी केलंय."

दाराचं जुनं कुलूप काढून आतूनही उघडेल असं नवं बसवलं होतं. त्याची एक किल्ली टायपिस्टबाईंकडे होती. आईच्या थेंबांच्या वेळी फोन वाजणार होता, आणि तो ऐकला नाही तर बाई दार वाजवणार होत्या. झाल्या चुकीचा हिशेब मिटवून मोकळं व्हायचं ताईला जमत नसे, आणि धाकटीवर विश्वास टाकायची तर सवयच गेली होती. शेवटी आईच खोलीतून म्हणाली, मी जाते तिच्याकडे, माझी पिशवी भरा.

आई आली. पहिल्या दिवशी तिने पसाऱ्याला मनसोक्त नावं ठेवली, आणि वेतवाली स्वयंपाकघरात तोंड लपवून सुखाने ऐकत राहिली.

तिसऱ्या दिवशी तिला एक गोष्ट दिसली. आई पाणी प्यायला उठली. पेला उचलताना तिला खिडकीची काच मळकी वाटली. फडकं ओलं करायला तिने नळ सोडला, फडकं शोधायला खण उघडला, खणात चमचे अस्ताव्यस्त दिसले म्हणून ती चमचे लावत बसली. नळ वाहत होता. नळाखालची बादली भरून पाणी जमिनीवर आलं होतं. आणि आईला तहान लागलेली होती, ती तशीच.

"आई, नळ! लक्ष कुठे असतं तुझं?" हे शब्द वेतवालीच्या जिभेवर आले आणि तिथेच थिजले. हे वाक्य तिचं नव्हतंच. हे आईचं वाक्य होतं. लहानपणापासून तिने ते पाठ होईपर्यंत ऐकलं होतं, वेंधळी, आरंभशूर, हाताला शेवट नाही, या सगळ्यांच्या माळेत. तिने मुकाट्याने नळ बंद केला, पेला भरून आईच्या हातात दिला आणि जमीन पुसायला बसली. पुसता पुसता तिला एकेक आठवायला लागलं. घरातले अर्धे विणलेले स्वेटर. आजीचे टोमणे, की सून बघावी तर अर्धवट. जेवायच्या वेळी रडवेली झालेली आई. ताईच्या घरी आईला काही करूच देत नाहीत, तेव्हा हे कुणाला दिसणार? आणि आईने ताईला कधी बोल लावला नाही, सगळे बोल धाकटीला. आता तिला त्याचं कारण कळत होतं, आणि कळून आणखी वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आई दुकानात येऊन बसली आणि कोपऱ्यातलं एक लहान स्टूल ओढून म्हणाली, मला शिकव. वेतवालीने उभ्या पट्ट्या घालून दिल्या, आडव्या कशा एक सोडून एक घ्यायच्या ते दाखवलं. आईचा हात चांगला होता. पण दोन ओळी झाल्या की ती उठायची. कधी दार लावायला, कधी रस्त्यावर कोण भांडतंय ते बघायला. चार दिवस स्टूल तिथल्या तिथेच राहिलं.

मग ताई परगावाहून परत आली, ती थेट दुकानातच. तिने आईला निरखून पाहिलं, दाराचं नवं कुलूप पाहिलं, डोळ्यांतल्या थेंबांची विचारपूस केली. नाव ठेवायला जागा सापडली नाही तेव्हा ती थोडी बावरली. पिशवी भर म्हणाली, तर आई स्टूल धरून बसली.

"हे हातातलं पुरं झाल्याशिवाय मी येत नाही."

ताईने धाकटीकडे पाहिलं. आईचं काम पुरं होणं म्हणजे काय, हे लहानपणच्या त्या अर्ध्या स्वेटरांपासून दोघींनाही ठाऊक होतं. "बरं," ताई म्हणाली, "झालं की फोन कर, मी न्यायला येते." आणि पहिल्यांदाच जाताना तिने दारात उभं राहून काही बजावलं नाही.

त्या दुपारी टायपिस्टबाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. दुकानात दोघीच. आईने स्टूल पुढ्यात घेतलं, एक ओळ घातली, आणि तिची नजर दाराकडे गेली. वेतवालीने हातातली खुर्ची बाजूला ठेवली आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसली. बोलली नाही. हात लावला नाही. आईने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. एक ओळ झाली. दुसरी झाली. आडव्या संपून तिरप्या सुरू झाल्या, तरी आई उठली नाही.

मग वर न बघता ती म्हणाली, "माझ्या शेजारी असं कुणी कधी बसलंच नाही गं."

वेतवालीने विचारलं, "बसलं असतं तर काय केलं असतंस, आई?"

आईने पट्टी भोकातून ओढून घेतली, ती सुटू नये म्हणून भोकात खुंटी ठोकली. "काय माहीत," ती म्हणाली. "पण तुला एवढं बोलले नसते."

स्टुलाच्या एका कोपऱ्यात थोड्याच ओळी उरल्या होत्या. जन्मभर ज्या वेतवालीने काम पुरं व्हावं म्हणून देव पाण्यात ठेवले, तिला पहिल्यांदाच वाटलं की हे काम पुरं होऊ नये. ते तर तिच्या हातात होतं. ती नुसती उठली असती, चहा ठेवायला म्हणून आत गेली असती, तर आईही उठली असती, आणि स्टूल आणखी आठ दिवस तसंच पडलं असतं, आणि आई इथेच राहिली असती.

आईने पुढची पट्टी उचलली. वेतवाली उठली नाही.